स्वमग्न मुलाची चंचलता : दुसरी तपासणी करावी का?

खाजनात भात करणाऱ्याला आपली जमीन खारी आहे हे ठाऊक असते. बांध फुटून खारे पाणी आत शिरले की रोप पिवळे पडते, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु रोप पिवळे दिसले की प्रत्येक वेळी सगळा दोष खारेपणावर टाकून जो मोकळा होतो, तो कधी कधी फसतो. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेनेही येतो, पाणी तुंबल्यानेही येतो, मुळाला कीड लागल्यानेही येतो. जमीन खारी आहे हे खरेच. पण त्या खाऱ्या जमिनीत आणखी एखादी उणीव असू शकते आणि तिच्यावरचा उपाय वेगळा असतो. म्हणून जाणता शेतकरी मातीचा नमुना तपासायला पाठवतो.

मुलांच्या बाबतीत मात्र आपण एवढी काळजी घेत नाही. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आज अशी घरे आहेत, जिथे मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान होऊन दोन-चार वर्षे झाली आहेत. घरच्यांनी ते स्वीकारले आहे, दाखला काढला आहे, वाचा-उपचारासाठी म्हापसा-पर्वरीच्या फेऱ्याही चालू आहेत. पण मूल दोन मिनिटे एका जागी बसत नाही. जेवता जेवता तीनदा उठते. दार उघडे दिसले की रस्त्यावर धावते. वर्गात बाईंचे एक वाक्य पुरे होईपर्यंत त्याचे लक्ष चार ठिकाणी जाऊन येते. आईने याबद्दल विचारले की शेजारी, शाळा, प्रसंगी दवाखानाही एकच उत्तर देतो, "स्वमग्न आहे ना, मग असाच असणार."

या एका वाक्याचा विचार करावा म्हणून हा लेख. कधी हे वाक्य खरे असते. पण पुष्कळदा ते अर्धेच खरे असते, आणि उरलेल्या अर्ध्या भागावर उपाय असूनही मुलाला तो मिळत नाही.

दोन नावे, दोन गोष्टी

स्वमग्नतेत मुख्य अडचण असते ती इतरांशी संवाद साधण्याची. मूल नजरेला नजर देत नाही किंवा कमी देते, बोलणे उशिरा येते किंवा वेगळ्या धाटणीचे येते, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा करावीशी वाटतात, रोजच्या क्रमात बदल सोसवत नाही, आवाज, प्रकाश, स्पर्श कुणाला फार बोचतो तर कुणाला जाणवतच नाही. अमेरिकेतील डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून बालरोगशास्त्रात हे नाव रूढ झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे अवधान-न्यूनता आणि अतिचंचलता. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एडीएचडी म्हणतात. तिच्यात मुख्य अडचण असते ती लक्ष टिकवण्याची, अंग स्थिर ठेवण्याची आणि मनात आलेली ऊर्मी क्षणभर आवरून धरण्याची. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांची लक्षणे सांगितली होती. म्हणजे ही मोबाईलच्या काळात निघालेली नवी फॅशन नव्हे.

आजच्या नियमानुसार डॉक्टर लक्ष न लागण्याची ९ आणि चंचलता-उतावळेपणाची ९ लक्षणे पाहतात. यांपैकी एका गटातील निदान ६ लक्षणे (सतरा वर्षे पुरी झालेल्यांत ५) किमान ६ महिने दिसली पाहिजेत. त्यांतली काही १२ व्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावीत. ती घर आणि शाळा अशा दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत, आणि त्यांच्यामुळे मुलाच्या शिकण्यात, वागण्यात खरोखर अडथळा येत असावा. मूल नुसते खोडकर असणे म्हणजे एडीएचडी नव्हे.

दोन्ही निदाने एकत्र का होत नसत

यामागे इतिहास आहे आणि तो पालकांना ठाऊक असावा. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेचा जगभर आधार घेतला जातो. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत असा नियम होता की, स्वमग्नतेचे निदान झाले असेल तर एडीएचडीचे निदान वेगळे देऊ नये. चंचलता ही स्वमग्नतेचाच भाग समजली जाई. डॉक्टरांची एक पिढी हेच शिकून बाहेर पडली.

पुढे अभ्यास वाढला आणि हा नियम वस्तुस्थितीला धरून नाही असे दिसू लागले. इंग्लंडमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १० ते १४ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे २८ टक्के मुलांमध्ये एडीएचडीही आढळली. २०१९ साली अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हाही आकडा २८ टक्क्यांच्याच आसपास आला. म्हणजे चार स्वमग्न मुलांमागे एकाला तरी ही दुसरी अडचण असू शकते. मे २०१३ मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीने जुना नियम काढून टाकला. तेव्हापासून दोन्ही निदाने एकाच मुलाला देता येतात.

तेव्हा कोणी "स्वमग्नता असताना एडीएचडी होऊच शकत नाही" असे म्हटले, तर ते जुन्या नियमावरून बोलत आहेत असे समजावे. वाद घालू नये. नम्रपणे सांगावे की २०१३ नंतर नियम बदलला आहे, आणि तपासणी व्हावी अशी आमची विनंती आहे.

आपल्या उत्तर गोव्यातील पाहणी

हे सारे परदेशातले, असे कुणी म्हणू नये. भारतातील मुलांच्या मेंदू-विकासाच्या अडचणींची एक मोठी पाहणी पाच ठिकाणी झाली, ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. हरियाणातील पलवल, हिमाचल प्रदेशातील कांगडा, ओडिशातील ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा ही ती पाच ठिकाणे. उत्तर गोवा म्हणजे पेडणे आणि डिचोली ज्यात येतात तोच जिल्हा. २ ते ९ वर्षांची एकूण ३,९६४ मुले तपासली गेली. दृष्टी, श्रवण, वाचा, अपस्मार, स्वमग्नता, बौद्धिक अडचण वगैरे नऊ गोष्टी पाहिल्या. त्यांपैकी एडीएचडी आणि अध्ययन-अक्षमता या दोन फक्त ६ ते ९ वर्षांच्या मुलांमध्ये पाहिल्या.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये यांपैकी कोणती ना कोणती अडचण असण्याचे प्रमाण ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के इतके आढळले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. ज्या मुलांना अडचण होती, त्यांच्यापैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला एकाहून अधिक अडचणी होत्या. एक निदान झाले म्हणजे तपासणी संपली, असे मानणे किती चुकीचे आहे हे यावरून दिसते.

वागणे एक, कारणे निराळी

तपासणी अवघड का जाते, ते उदाहरणांनी पाहू.

हाक मारली, मूल वळत नाही. स्वमग्नतेमुळे त्याला माणसाच्या हाकेचे महत्त्व वाटत नसेल. एडीएचडीमुळे त्याचे लक्ष तेव्हा पाखराकडे गेले असेल. किंवा कानात मळ, सर्दीचे पाणी साचून त्याला ऐकूच आले नसेल.

मूल वर्गातून उठून पळते. डोक्यावरच्या पंख्याची घरघर किंवा पन्नास मुलांचा कलकलाट त्याला असह्य होत असेल, तर ते स्वमग्नतेतून आलेले आहे. शांत खोलीत ते बसेल. शांत खोलीतही, आवडीचे काम हाती असतानाही अंग थांबत नसेल, तर एडीएचडीचा विचार करावा.

मूल दुसऱ्याचे बोलणे तोडते, खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही. पाळी म्हणजे काय हेच त्याला उमगले नसेल, तर ती स्वमग्नता. नियम त्याला तोंडपाठ आहे, दुसऱ्याने मोडला तर तो ओरडतो, पण स्वतःची वेळ आली की हात आवरत नाही, तर कारण दुसरे असू शकते.

एक गैरसमज इथेच दूर करावा. "गाड्यांची चाके फिरवत हा तासभर बसतो, मग लक्ष नाही असे कसे?" असे आजोबा विचारतात. आवडीच्या गोष्टीत बुडून जाणे दोन्ही प्रकारच्या मुलांत दिसते. प्रश्न असतो तो न आवडणाऱ्या पण आवश्यक कामाकडे लक्ष वळवता येते का, हा.

मुलींविषयीही सांगितले पाहिजे. काही मुली, आणि काही मुलगेही, धावपळ करीत नाहीत. त्या शांत बसतात, पण मन भलतीकडेच असते. वही कोरी राहते, सूचना अर्ध्यावर सुटते, दप्तर रोज कुठेतरी विसरते. त्रास देत नाहीत म्हणून त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. लक्ष न लागण्याचा प्रकार एकट्यानेही असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

आधी वगळायच्या गोष्टी

रक्ताची अशी एकही चाचणी नाही, मेंदूचे असे एकही चित्र नाही, ज्यावरून एडीएचडी आहे की नाही हे सांगता येईल. तपासणी होते ती माहितीवरून आणि निरीक्षणावरून. पण तिच्याआधी काही गोष्टी पाहून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट कान आणि डोळे. दुसरी झोप. स्वमग्न मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी फार असतात. रात्री चार-पाच तासच झोपलेले मूल दिवसा चंचल, चिडके दिसणारच. घोरणे, तोंडाने श्वास घेणे, वाढलेले टॉन्सिल हेही डॉक्टरांना सांगावे. तिसरी गोष्ट अपस्मार. स्वमग्न मुलांत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक असते, आणि त्याचा एक प्रकार असा की मूल पडत नाही, झटके देत नाही, काही क्षण नुसते शून्यात पाहते. ते "लक्ष नाही" असेच वाटते. चौथी गोष्ट शरीरातील लोहाची कमतरता आणि थायरॉइड. पाचवी भीती आणि चिंता. सहावी, आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी, म्हणजे धड्याची पातळी. आठ वर्षांच्या मुलाची समज पाच वर्षांची असेल आणि त्याच्यापुढे तिसरीचे पुस्तक ठेवले, तर त्याचे लक्ष कसे लागेल? म्हणून मुलाची तुलना त्याच्या वयाशी न करता त्याच्या समजेच्या पातळीशी करावी लागते.

वयाचाही विचार हवा. तीन-चार वर्षांचे मूल स्वभावतःच चंचल असते. सहाच्या आत डॉक्टर सहसा घाईने शिक्का मारीत नाहीत. आधी आईवडिलांना वागणूक हाताळण्याचे शिक्षण देतात आणि वाट पाहतात. ही टाळाटाळ नव्हे.

तपासणीला जाण्यापूर्वी

बांबोळीला जायचे म्हणजे पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, तिथून पुढे, असा बसचा प्रवास. वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडते आणि गर्दीत मूल थकून जाते. एवढे करून डॉक्टरांसमोर पंधरा मिनिटे मिळतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून तयारी घरूनच करावी.

एक साधी वही घ्यावी आणि दोन आठवडे रोज चार ओळी लिहाव्यात. मूल किती वाजता झोपले, किती वाजता उठले. कोणत्या कामात किती मिनिटे टिकले. काय झाले, त्याच्या आधी काय घडले होते, नंतर आपण काय केले. "फार त्रास देतो" असे लिहू नये. "भाकरी खाताना पंधरा मिनिटांत सहा वेळा उठला" असे लिहावे. डॉक्टरांना दुसरे वाक्य उपयोगी पडते. चतुर्थीचे दिवस, पेडण्याची पुनव, जत्रा, लग्नघर असे आठवडे टाळावेत. त्या दिवसांत रोजचा क्रम मोडतो आणि कोणतेही स्वमग्न मूल बिथरते.

शाळेतून लेखी माहिती आणावी. दोन ठिकाणी लक्षणे दिसली पाहिजेत हा नियम असल्याने शिक्षकांच्या चार ओळींशिवाय तपासणी पुरी होत नाही. बाईंकडे तक्रारीच्या सुरात जाऊ नये. "बाई, याला वर्गात नेमके काय जमते आणि कुठे अडते, ते लिहून द्याल का? डॉक्टरांना दाखवायचे आहे," असे म्हटले तर क्वचितच कोणी नाही म्हणते. डॉक्टर पुष्कळदा प्रश्नावली देतात, एक घरासाठी, एक शाळेसाठी. ती प्रामाणिकपणे भरावी. मुलाला दाखला मिळावा म्हणून वाढवून लिहू नये आणि लाज वाटते म्हणून झाकूनही लिहू नये.

स्वमग्नतेच्या निदानाचे सगळे कागद, आधीच्या औषधांची नावे, जन्माच्या वेळची माहिती, घराण्यात कोणाला हृदयविकार, अपस्मार वा अशीच चंचलता होती का, हेही लिहून न्यावे. घरातील एक-दोन लहान चित्रफिती मोबाईलवर घेतल्या तर डॉक्टरांना मदत होते. मात्र त्या इतर कोणाला पाठवू नयेत. मुलाचीही अब्रू असते.

कुठे जावे, काय बोलावे

सुरुवात जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून करावी. २०१३ पासून देशभर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालतो. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे आणि त्याच्या यादीत स्वमग्नता आणि एडीएचडी या दोहोंची नोंद आहे. अंगणवाडीत आणि शाळेत आरोग्य पथक येते तेव्हा पालकांनी हजर राहून सांगावे. तिथून चिठ्ठी घेऊन म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात बालरोगतज्ज्ञांकडे किंवा बांबोळीला गोमेकॉत जाता येते. बांबोळीलाच मानसोपचार व मानवी वर्तनाची सरकारी संस्था आहे. तिच्या नावाला बिचकण्याचे कारण नाही. मुलाला तिथे नेले म्हणजे मूल वेडे ठरले, असा अर्थ होत नाही. विकास-बालरोगतज्ज्ञ, बाल-मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ ही या कामातली माणसे होत.

बोलणे थोडके आणि स्पष्ट असावे. "डॉक्टर, याला स्वमग्नता आहे हे आम्हाला मान्य आहे. पण गेले वर्षभर तो घरी आणि शाळेत एक मिनिट स्थिर नाही, दोनदा रस्त्यावर धावला. यात एडीएचडीचा भाग आहे का, हे वेगळे तपासाल का?" एवढे पुरे. डॉक्टर नाही म्हणाले तर कारण विचारावे आणि ते कागदावर मागावे. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नव्हे.

निदान झाले तर

दुसरे निदान झाले म्हणजे दुसरे संकट कोसळले, असे समजू नये. संकट होतेच, आता त्याला नाव मिळाले आणि उपायाची वाट मोकळी झाली.

पहिला उपाय घरी आणि वर्गात करायचा असतो. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही जवळ जाऊन, थोड्या शब्दांत. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावावा. बदल होणार असेल तर आधी सांगावे. काम दहा-दहा मिनिटांचे करून मध्ये उठण्याची मुभा द्यावी. पाणी भरून आणणे, फळा पुसणे अशी हालचालीची कामे अशा मुलांना मानवतात. चांगले वागले की शाबासकी त्याच क्षणी द्यावी, संध्याकाळी दिलेली त्याला कळत नाही. शिक्षा म्हणून खेळाची सुट्टी कधीही काढून घेऊ नये. धावण्याची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याचेच धावणे बंद करून वर्ग शांत होत नाही.

घरातील साध्या माणसांना हे जमते का? आपल्या गोव्यातच याचा अनुभव आहे. संगाथ ही संस्था १९९६ पासून गोव्यात काम करते. तिने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांसह स्वमग्न मुलांवर एक अभ्यास केला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी कसे बोलावे, कसा प्रतिसाद द्यावा हे शिकवले. पालकांचे प्रतिसाद सुधारले आणि मुलांचे आपणहून संवाद सुरू करणेही वाढले. हे काम स्वमग्नतेसाठी होते, चंचलतेसाठी नव्हे. तरी शिकवले तर आईबाप शिकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरा उपाय औषधाचा. तो सर्वांना लागत नाही. मेथिलफेनिडेट हे यातील मुख्य औषध. नुसती एडीएचडी असलेल्या दहा मुलांपैकी साधारण सातांना त्याचा गुण येतो. स्वमग्न मुलांत हे प्रमाण कमी असते. अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात स्वमग्नतेच्या वर्गातील ७२ चंचल मुलांना हे औषध दिले; ४९ टक्के मुलांना फायदा झाला, तर १८ टक्के मुलांचे औषध त्रासामुळे थांबवावे लागले. म्हणजे निम्म्या मुलांना उपयोग होतो ही आशेची गोष्ट आहे आणि त्रासाचे प्रमाण अधिक ही सावधगिरीची. म्हणून डॉक्टर थोड्या मात्रेने सुरुवात करून सावकाश वाढवतात, वजन, उंची, नाडी, रक्तदाब पाहतात. भूक मंदावणे, झोप उडणे, चिडचिड वाढणे, मूल गप्प होणे यांपैकी काही दिसल्यास लगेच कळवावे. भूक मंदावत असेल तर सकाळी गोळीच्या आधी नाचणीची आंबील, पेज, अंडे असे भरपेट द्यावे आणि गोळीचा असर उतरल्यावर रात्रीचे जेवण नीट वाढावे.

हे औषध कायद्याच्या 'एक्स' परिशिष्टात येते. त्याला खास दुहेरी चिठ्ठी लागते आणि एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. गावातल्या प्रत्येक दुकानात ते मिळणार नाही, तेव्हा संपण्याआधी आठवडाभर सोय पाहावी. गोळ्या कुलपात ठेवाव्यात, शेजारच्या मुलाला कधीही देऊ नयेत. हे न मानवल्यास ॲटोमॉक्सेटिनसारखी वेगळ्या जातीची औषधेही आहेत. मात्र चंचलतेच्या औषधाने बोलणे येत नाही आणि स्वमग्नता जात नाही. औषधाने मूल थोडे स्थिर झाले तर वाचा-उपचाराचा, शिकवण्याचा लाभ त्याला घेता येतो, एवढेच अपेक्षावे.

साखर बंद केल्याने चंचलता जाते, असे पुष्कळजण सांगतात. १९९५ साली अशा २३ प्रयोगांचा एकत्र विचार झाला आणि साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम दिसला नाही. दातांसाठी गोड कमी करावे, ते ठीक. पण दूध, गहू, मासळी असे एकेक तोडत मुलाचे पोषण बिघडवू नये.

निदान झाले नाही तर

तपासणीत एडीएचडी नाही असे ठरले तर फेरी फुकट गेली असे वाटून घेऊ नये. कान, झोप, भीती, धड्याची पातळी, आवाजाचा त्रास यांपैकी खरे कारण हाती लागले असेल, तर त्याचा उपाय करावा. काही वेळा डॉक्टर वर्षभराने पुन्हा बोलावतात. तारीख वहीत लिहून ठेवावी आणि जावे.

कोणतेही निदान असो वा नसो, धावणाऱ्या मुलाच्या जिवाला जपणे थांबवू नये. पेडण्यात नदी, समुद्र आणि उघड्या विहिरी. डिचोलीत जुन्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे. धोका न समजणारे मूल आणि थांबू न शकणारे मूल एकाच देहात असेल, तर धोका दुप्पट होतो. दाराला उंचावर कडी लावावी, विहिरीला जाळी घालावी, शेजाऱ्यांना सांगून ठेवावे, मुलाच्या खिशात वडिलांचा दूरध्वनी क्रमांक ठेवावा.

कागदपत्रांविषयी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे. एडीएचडी वेगळी दिलेली नाही. तेव्हा दुसऱ्या निदानाने वेगळा दाखला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, आणि पहिला दाखला जाईल अशी भीतीही बाळगू नये. स्वमग्नतेचा दाखला ४० प्रश्नांच्या भारतीय मापनश्रेणीवर दिला जातो. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरले तर कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती पालकांची आहे. "हा फार चंचल आहे, याला इथून काढा" असे शाळेने म्हटले तर हे कलम नम्रपणे दाखवावे, आणि सोबत तपासणीचा अहवालही न्यावा. अहवालात वर्गात काय बदल करावा हे लिहिलेले असेल तर बोलणे सोपे जाते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तींना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, तसेच गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्जही करावा.

घरच्या माणसांना

शेवटी, ज्यांच्या घरात असे मूल नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एके काळी काही विद्वानसुद्धा स्वमग्नतेचा दोष आईच्या थंड मायेवर टाकीत. शास्त्राने ती कल्पना केव्हाच टाकून दिली. आपल्या ओसरीवर मात्र ती अजून बसून आहे. चर्चमध्ये, देवळात, लग्नमंडपात मूल धावले की मान वळवून आईकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात. तिने वळण लावले नाही म्हणून मूल धावत नसते. तिला सल्ला देण्याऐवजी अर्धा तास मुलाला सांभाळावे, म्हणजे तिला वहीत चार ओळी लिहायला वेळ मिळेल. बांबोळीच्या फेरीत सोबत जावे. वडिलांनीही हे काम बायकोचे असे मानू नये. दोघे मिळून गेले तर डॉक्टरांना दोन बाजूंनी माहिती मिळते आणि परतीच्या बसमध्ये मुलाला आळीपाळीने धरता येते.

तपासणी करावी का, असा प्रश्न वर शीर्षकात विचारला आहे. चंचलता सहा महिन्यांहून अधिक काळ, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, शिकण्याच्या किंवा जिवाच्या आड येत असेल, तर अवश्य करावी. या आठवड्यात वही सुरू करावी आणि दोन आठवड्यांनी बाईंना भेटावे.